दुधाची पिशवी आणि वाकडी खिडकी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात शिरलं. पूर ओसरल्यावर फरशी, फडताळं, पाटा-वरवंटा सगळं ब्लीचिंग पावडरनं धुतलं आणि उरलेली पावडर डब्यात घालून जिन्याखाली ठेवली. सात महिन्यांनी कोरोना आला, तेव्हा आईला पहिली आठवण झाली ती त्या डब्याची.

पुरानं आम्हाला एक शिकवलं होतं. पाणी घाण ठेवून जातं, भिंतीवर रेष उमटते, रेषेखालचं सगळं घासून काढलं की घर पुन्हा आपलं. नव्या विषाणूशीही आम्ही तसंच वागायला लागलो. फक्त त्याची रेष कुठं दिसत नव्हती, म्हणून मग सगळंच घासायचं!

९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले तेव्हा ते 'तिकडचं' होतं. २३ मार्चला आमच्याच जिल्ह्यातल्या इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातले चौघे पॉझिटिव्ह निघाले आणि ते एकदम उंबऱ्यावर आलं. दोन दिवसांनी पाडवा. गुढी उभारली, पण बाजारातून आणलेली साखरेची माळ धुवायची कशी, यावर आमच्या स्वयंपाकघरात गंभीर चर्चा झाली. धुतली तर उरते काय? शेवटी ती दिवसभर उन्हात टांगली. दुधाची पिशवी रोज साबणाच्या पाण्यात बुडायची, नोटा चिमट्यांनी दोरीवर वाळायच्या, पेपर बंद केला होता. शेजारच्या वहिनींनी तर तासगावची द्राक्षं कपड्यांच्या पावडरीत धुतली. देठाच्या खळग्यात फेस राहिला आणि घरभर पोटं बिघडली. फळाला साधं वाहतं पाणी पुरतं, हे नंतर कळलं.

पण या धुण्याला मी वेडेपणा म्हणणार नाही. त्याच मार्चमध्ये अमेरिकी संशोधकांनी केलेला प्रयोग जगभर गाजला. प्लास्टिकवर आणि स्टीलवर हा विषाणू तीन दिवसांपर्यंत सापडला, पुठ्ठ्यावर एक दिवस, तांब्यावर जेमतेम चार तास. 'तीन दिवस' एवढंच आमच्या कानात राहिलं. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट कुणी सांगितली नाही. प्लास्टिकवर सुमारे सात तासांत जिवंत विषाणू निम्मे होत होते, पुढच्या सात तासांत उरलेल्यांचे निम्मे. शिवाय प्रयोगाची सुरुवातच भरपूर विषाणूंनी केलेली. पिशवीवरून बोटावर, बोटावरून नाकात, अशा प्रत्येक पायरीला ते आणखी गळतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये हिशेब मांडला. दूषित वस्तूला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी.

हात धुणं मात्र फुकट गेलं नाही. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. तेलकट कढई नुसत्या पाण्यानं निघत नाही आणि साबण लावला की सुटते, तीच क्रिया इथं घडते. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलात घुसतं, आणि आवरण फाटलं की विषाणू संपला. वीस सेकंद चोळायचं ते यासाठीच. सॅनिटायझरमधलं अल्कोहोलही हेच करतं, पण त्याला थोडं पाणी सोबत लागतं, म्हणून शंभर टक्क्यांपेक्षा सत्तर टक्के अधिक कामाचं. त्या दिवसांत राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांनी सॅनिटायझर बनवायला घेतलं होतं. ते चोळून तसंच गॅसपाशी जाणं मात्र कोरोनापेक्षा धोक्याचं होतं.

आणि आईचा डबा? ब्लीचिंग पावडर ओलाव्यानं आणि उष्णतेनं हळूहळू आपला क्लोरीन सोडते. सात महिन्यांनी तिच्यात वासच जास्त उरला असणार. जोर यावा म्हणून आईनं त्यात संडास धुवायचं ॲसिड घालायचं ठरवलं होतं, ते वेळेत थांबवलं. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो थेट फुप्फुसं जाळतो.

खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होती, आणि ती मला चटणीनं दाखवली. मार्च-एप्रिल म्हणजे आमच्याकडं चटणीचे दिवस. त्या वर्षी मिरची कुटून देणारे डंक बंद, म्हणून समोरच्या काकींनी घरातच मिरच्या भाजायला घेतल्या. पाच मिनिटांत अख्खा बोळ खोकायला लागला, आणि खोकणाऱ्याकडं जो तो संशयानं बघायला लागला. कढई काकींच्या चुलीवर, आम्ही वीस फुटांवर दार लावून, तरी घसा पेटला.

विषाणूही असाच येतो. बोलताना, गाताना, श्वास सोडताना तोंडातून बारीक थेंब उडतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर पडतो. त्याच्या वीसपट बारीक कणाला बंद, निवांत खोलीत तेवढंच अंतर उतरायला अर्धा तास लागतो, आणि जरा हवा हलली की तो पुन्हा वर. जागतिक आरोग्य संघटना मार्चअखेरीस 'हा हवेतून पसरत नाही' असं ठामपणे सांगत होती, पुढं तिनंच भूमिका बदलली. इस्लामपुरात त्या एका गोतावळ्यातली संख्या महिनाअखेर पंचवीसच्या आसपास पोहोचली होती. एकत्र जेवण, एकत्र गप्पा, एकत्र झोपणं. त्यात लक्षणं दिसण्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच माणूस विषाणू सोडत असतो, म्हणजे ठणठणीत माणसाला कुणी दूर बसवणार तरी कसं? नंतर त्यातले बहुतेक सगळे बरे होऊन घरी परतले.

आम्ही मात्र बाहेरची हवा आत नको म्हणून खिडक्या लावून, आठ माणसं एका सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, बातम्या बघत बसायचो. आजी सांगायची, तिच्या आजीच्या वेळी प्लेगात माणसं घर सोडून माळावर खोपटी घालून राहिली. प्लेगात उंदीर-पिसवा गावात मागं राहायच्या, म्हणून ते उपयोगी पडायचं. कारण वेगळं असलं तरी कोरोनातही मळ्यातली वस्ती सोप्याहून सुरक्षित होती. उघड्यावर कण क्षणात पांगतात.

आमच्या घरात एकच खिडकी लागत नव्हती. पुरात तिची चौकट वाकली होती, आणि लॉकडाऊनमुळं सुतार येईना. अडीच महिने ती चार बोटं उघडी होती. आई रोज संध्याकाळी तिच्या फटीत जुनं लुगडं कोंबायची आणि उकडतं म्हणून कुणीतरी रात्री ते काढून टाकायचं. जूनमध्ये सुतार आला. त्यानं रंधा मारून ती खिडकी अशी घट्ट बसवून दिली, की आता हवेची झुळूकही आत येत नाही. आई खूश झाली.