किलोमीटरनिहाय आकारणी (रस्तेनिधी व वाहनविमा)

वाहन जितके अंतर धावेल तितका रस्त्याचा कर किंवा विम्याचा हप्ता घेण्याची पद्धत. कर सरकारकडे जातो आणि हप्ता विमा कंपनीकडे, पण दोन्हींचा आधार एकच : ओडोमीटरवरचा, म्हणजे गाडीने कापलेले अंतर मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा.

इंधनावरचा कर हाही खरे तर अंतराचाच कर होता, फक्त आडवाटेने घेतलेला. अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९१९ मध्ये रस्त्यांसाठी पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसवला. जो जास्त फिरे तो जास्त पेट्रोल जाळी आणि पंपावर आपोआप जास्त कर भरी. मोजक्या घाऊक विक्रेत्यांकडून वसुली होत असल्याने खर्चही नगण्य. ही सोय पुढे दोन कारणांनी ढासळली. गाड्या कमी इंधनात जास्त पळू लागल्या आणि विजेच्या गाड्या तर पंपावर येतच नाहीत. रस्त्याची झीज मात्र दोघीही करतातच. त्यात कराचे दर महागाईबरोबर वाढवण्याची हिंमत राजकारणी सहसा करीत नाहीत. अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोलकर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच थांबला आहे, आणि २००८ पासून तेथील महामार्ग निधीत सर्वसाधारण तिजोरीतून वारंवार भर घालावी लागली आहे.

न्यूझीलंडने ही अडचण फार आधी सोडवली. तेथे डिझेल शेतीत आणि बोटींतही वापरले जात असल्याने त्यावर रस्त्याचा कर लादणे गैरसोयीचे होते. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस डिझेल गाड्यांना हजार हजार किलोमीटरचे परवाने आगाऊ विकत घेण्याची पद्धत सुरू झाली. अवजड ट्रकच्या चाकाच्या तुंब्यावर अंतर मोजणारे वेगळे यंत्र बसवतात. १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्याही या पद्धतीत आल्या; हलक्या गाडीला १,००० किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर असा दर ठरला. आइसलँडने त्याच वर्षी जानेवारीत विजेच्या गाड्यांना किलोमीटरमागे ६ क्रोना लावले. ओरेगनची २०१५ ची योजना ऐच्छिक होती : मैलामागे दीड सेंट भरायचा आणि पंपावर दिलेला राज्याचा इंधनकर वजा करून घ्यायचा.

पण नुसत्या अंतराने रस्त्याचा न्याय होत नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक अखंड चालवून घेतलेल्या चाचणीतून दिसले की आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी साधारण त्याच्या चौथ्या घातात वाढते. भार दुप्पट, तर हानी सुमारे सोळापट. म्हणजे रस्ते खराब होण्यात छोट्या गाडीचा वाटा ट्रकपुढे जवळपास शून्य. स्वित्झर्लंडने २००१ पासून ट्रकांना अंतर, वजन आणि प्रदूषण या तिन्हींनुसार कर लावला. जर्मनीने २००५ पासून उपग्रहाच्या मदतीने ट्रकांकडून अंतरानुसार पथकर घ्यायला सुरुवात केली. सर्व गाड्यांना सरसकट एकच दर लावणारी योजना सोपी असते, न्याय्य असेलच असे नाही.

विम्याची बाजू अधिक रंजक आहे. गाडी जितकी कमी बाहेर निघेल तितका अपघाताचा संभव कमी, तरी पारंपरिक हप्ता वर्षाचा आणि बहुतांशी ठोक असतो. परिणामी कमी फिरणारे जास्त फिरणाऱ्यांचा भार उचलतात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६८ मध्ये विमा टायरसोबतच विकण्याची कल्पना मांडली, कारण टायर झिजतो तो अंतरानेच. लोक पैसे वाचवायला गुळगुळीत टायरवर गाडी हाकतील, हा धोका त्यांनी ओळखला होता. त्यावर उपाय म्हणून टायर परत करताना उरलेल्या नक्षीप्रमाणे परतावा द्यावा, असे त्यांनी सुचवले. कल्पना चतुर होती, पण तिला योग्य उपकरण पुढच्या पिढीत मिळाले. गाडीच्या संगणकाला जोडायचे छोटे यंत्र आणि मोबाइल आल्यावर अंतरावरचा विमा व्यवहार्य झाला. भारतात विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये अशा पूरक योजनांना मुभा दिली.

दोन्ही आकारण्या एकाच मीटरवर चालवण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण वसुलीचा खर्च ही किलोमीटर कराची सर्वांत दुबळी बाजू. प्रत्येक वाहनमालकाकडून पैसे घेणे, थकबाकीदारांचा पाठलाग करणे आणि मीटर मागे फिरवणाऱ्यांना पकडणे हे सगळे त्यात येते. मात्र दोघांना हवी असलेली माहिती वेगळी. रस्त्याला कळायला हवे की गाडी किती जड आहे. विमा कंपनीला हवे की ती कोण, कशी आणि रात्री-अपरात्री चालवतो का. पहिल्या प्रश्नासाठी नोंदणीपुस्तक आणि ओडोमीटर पुरतात, दुसऱ्यासाठी चालकावर नजर ठेवावी लागते. लोकांच्या विरोधाचे एक मोठे कारण हीच पाळत आहे. म्हणूनच ओरेगनच्या कायद्यात पैसे चुकते झाल्यावर स्थान व दैनंदिन वापराच्या नोंदी तीस दिवसांत नष्ट करण्याची अट घालण्यात आली आणि उपग्रहाशिवाय अंतर मोजण्याचा पर्यायही ठेवण्यात आला.