जडावकामाची लाकडी पेटी

लाकडात खाच कोरून तिच्यात दुसऱ्या रंगाचं लाकूड, हाड, शिंपला किंवा पितळेची तार घट्ट बसवायची आणि वरून सगळं एका पातळीत घासून घ्यायचं, याला जडावकाम म्हणतात, हल्ली बरेचजण सरळ इनलेच म्हणतात. मार्केट्री हा याचाच भाऊबंद, पण तिच्यात खाच नसते, विनियरचे, म्हणजे लाकडाच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्याचे तुकडे एकमेकांना जुळवून अख्खं चित्र तयार करतात आणि ते वरून चिकटवतात. हाताने जडावकाम केलेली झाकणाची पेटी म्हणजे खरंतर दोन कामं, आधी पेटी आणि मग नक्षी, आणि लोक नक्षीवर महिने घालवतात पण पेटीचा विचार घाईत उरकतात. तिथेच चुकतं, कारण नक्षी किती वर्षं टिकणार ते खालची पेटी ठरवते.

कारण लाकूड हलतं. कितीही सुकवलं तरी ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं, पॉलिशने हे थांबत नाही फक्त हळू होतं. लांबीत हा फरक जवळपास नाहीच, जे काय होतं ते रुंदीत. ओलं सागवान पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने साधारण ५ ते ६ टक्के आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मंच, म्हणून ज्या फळीत वलयं उभी दिसतात ती फळी जडावकामाला जास्त चांगली. ४५ सेंटीमीटर रुंदीचं झाकण दमट आणि कोरड्या मोसमात सहज २-३ मिलिमीटर कमीजास्त होतं. आता अशा झाकणावर लाकडाच्या रेषांना आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग पट्टी बसवली तर काय होणार, खालची फळी आकसते, पट्टी लांबीत आकसत नाही, मग ती मधेच उचलली जाते किंवा फळी तडकते. जुन्या पेट्यांमध्ये पट्टी उचकटलेली दिसते त्यात बऱ्याचदा सरसाचा काहीच दोष नसतो.

उपाय साधे आहेत पण ते डिझाइन काढतानाच ठरवावे लागतात. तुकड्याच्या रेषा शक्यतो खालच्या फळीच्या रेषांच्या दिशेनेच ठेवायच्या, आडवी पट्टी हवीच असेल तर ती छोट्या तुकड्यांची करायची आणि त्या तुकड्यांच्या रेषा परत फळीच्याच दिशेने, किंवा मग झाकण चौकट आणि दिल्हा (चौकटीत बसणारी मधली फळी) अशा पद्धतीचं करायचं ज्यात दिल्हा चौकटीच्या खाचेत न चिकटवता मोकळा बसतो. झाकणाच्या आतून आडवे बत्ते, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या मारल्या तर स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, म्हणजे फळीला हलायला जागा राहते.

चारही बाजूंच्या फळ्यांच्या रेषा आडव्या ठेवल्या की पेटी उंचीत सगळीकडे सारखीच हलते आणि कोपरे भांडत नाहीत. कोपऱ्याला डोव्हटेल जॉइंट, म्हणजे पंख्यासारखे पसरत जाणारे दाते एकमेकांत अडकवलेला जोड, दात्यांचा उतार मऊ लाकडाला १:६ आणि कठीण लाकडाला १:८ च्या आसपास. तळ खाचेत मोकळा सोडायचा. जॉइंट कोरडे जुळवून बघायचे आणि मग परत सुटे करायचे, कारण नक्षी सुट्या फळीवर, टेबलावर आडवी ठेवून करणं कितीतरी सोपं, उभ्या पेटीवर पटाशी नीट धरताच येत नाही.

नक्षीत क्रम फार महत्त्वाचा आहे, आधी तुकडा कापायचा आणि मग त्याच्या मापाने खाच, उलटं कधीच नाही. तुकडे साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचे, कापायला फ्रेट सॉ (बारीक पात्याची करवत), आणि टेबलाच्या कडेला व्ही आकाराचा काप असलेली फळी बांधून तिच्यावर तुकडा टेकवायचा म्हणजे नाजूक टोकं मोडत नाहीत. कापलेला तुकडा फळीवर सरसाच्या एक-दोन थेंबांनी तात्पुरता धरायचा आणि धारदार सुरीने त्याच्या कडेकडेने रेघ मारायची, पेन्सिल नको, पेन्सिलच्या रेघेला जाडी असते आणि तीच पुढे फट होऊन दिसते. मग तुकडा उचलून आतलं लाकूड छोट्या पटाशीने काढायचं, तळ राउटर प्लेनने (खाचेचा तळ एका खोलीवर तासणारा छोटा रंधा) सारखा करायचा, खोली तुकड्यापेक्षा पाव मिलिमीटर कमी म्हणजे तुकडा किंचित वर राहील. बारीक रेघेसारख्या पट्ट्या वळवायच्या असतील तर त्या ओलसर करून गरम नळीवर हळूहळू वाकवतात. पानाफुलांना उठाव द्यायला फिकट तुकड्याची कड गरम वाळूत काही सेकंद बुडवतात, कड करपून तपकिरी होते आणि रंग न लावता सावली येते, माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

चिकटवल्यावर लगेच घासायला घेऊ नये. सरस असो की पांढरा गोंद, त्यातल्या पाण्याने खाचेभोवतीचं लाकूड फुगतं, तेव्हाच सपाट केलं तर पुढे ते सुकून आकसतं आणि नक्षीभोवती खोलगट रेघ दिसायला लागते, म्हणून काही दिवस थांबायचं. सागवान तेलकट असल्याने चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घेतात. सपाट करायला पॉलिश पेपरपेक्षा स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायची पोलादी पट्टी बरी, कारण आबनूस किंवा शिसवीची काळी भुकटी शेजारच्या फिकट लाकडाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि मग निघता निघत नाही, पेपर वापरायचाच असेल तर आधी लाखेच्या पातळ पॉलिशचा एक हात द्यायचा. शिंपला कापताना आणि घासताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट, आणि शिसवीच्या भुकटीने कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतं.

मोठ्या पेटीला झाकण धरून ठेवणारा चांगला आधार लावावा, आपोआप बंद होणारं कुलूप लावू नये आणि हवेसाठी फट ठेवावी, कारण लहान मुलं खेळताना अशा पेटीत शिरून आत अडकल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

हे काम फार जुनं आहे. इजिप्तमध्ये तुतनखामूनच्या थडग्यात आबनूस आणि हस्तिदंत जडवलेल्या पेट्या मिळाल्या. इटलीत १५व्या शतकात इंटार्सिया, म्हणजे लाकडाच्या तुकड्यांनी चित्र जडवण्याची कला भरात होती, उर्बिनोच्या ड्यूक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रोच्या अभ्यासिकेत लाकडाच्या तुकड्यांनी उघडी कपाटं, पुस्तकं, वाद्यं अशी दाखवलीत की ती खरी वाटतात, आणि त्याचीच गुब्बियोची अभ्यासिका आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. पेट्यांपुरतं बोलायचं तर १६व्या शतकाच्या अखेरीच्या नॉनसच पेट्या प्रसिद्ध आहेत, समोरच्या बाजूवर मनोऱ्यांच्या इमारती जडवलेल्या, त्या इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या नॉनसच राजवाड्याच्या आहेत असं समजून हे नाव पुढे पडलं, पण ती शैली जर्मन कारागिरांची मानतात. भारतात म्हैसूरचं शिसवीवरचं जडावकाम आणि सुरतची सदेली ही मोठी नावं, सदेलीत तर वेगवेगळ्या रंगांच्या काड्या एकत्र चिकटवून त्यांच्या आडव्या चकत्या कापतात आणि प्रत्येक चकतीत तीच भूमिती मिळते.

जुनी सामग्री आज तशीच वापरता येत नाही. १९८९ मध्ये साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) करारात आफ्रिकन हत्तीला पहिल्या परिशिष्टात टाकल्यावर हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला, आणि २०१७ पासून शिसवीच्या डालबर्जिया वंशाच्या जवळपास सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे सीमेपार विकायला बऱ्याचदा परवाना लागतो. हस्तिदंताच्या जागी हाड किंवा फिकट दाट लाकूड वापरतात आणि ते चांगलंच दिसतं.

चिकटवायला आजही मला गरम सरसच योग्य वाटतो. तो पाण्याच्या भांड्यात ठेवून साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत गरम करतात, थेट आचेवर ठेवला तर करपतो आणि त्याची पकड जाते. इपॉक्सी धातूच्या तारेला ठीक आहे, पण लाकडाच्या तुकड्याला सरस असला तर शंभर वर्षांनीसुद्धा थोडी ऊब आणि ओल देऊन तो तुकडा न मोडता उचलता येतो, खालची खाच साफ करून परत तिथेच बसवता येतो.