प्रबंधात ई-पुस्तकाचा उतारा: पान नंबरावरून परत येऊ नये म्हणून

"सर, माझ्या मोबाईलवर तर पान २१२च दाखवून राहिलंय!" भंडाऱ्याहून नागपूरला प्रबंध घेऊन आलेली विद्यार्थिनी रडकुंडीला आली होती. मार्गदर्शकांच्या टॅबवर तोच उतारा पान १४७ वर. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ईपब (ई-पुस्तकाचा एक फाइल प्रकार) किंवा किंडलच्या (ॲमेझॉनचं ई-पुस्तक वाचायचं साधन) पुस्तकात अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, त्यामुळे हे दोन्ही आकडे तळटिपेत निरुपयोगी. किंडल पानाऐवजी दाखवतं तो 'लोकेशन' क्रमांकही एपीए आणि एमएलए या संदर्भ देण्याच्या दोन्ही पद्धतींना चालत नाही.

मग लिहायचं काय? एपीए सातव्या आवृत्तीत आडनाव, वर्ष, प्रकरण आणि परिच्छेद: 'प्रकरण ३, परि. ४'. परिच्छेद स्वतः बोट ठेवून मोजले तरी चालतात. एमएलएमध्ये मात्र पुस्तकातच परिच्छेदांना क्रमांक नसतील तर मोजायचे नाहीत, प्रकरणाचा क्रमांक देऊन थांबायचं. ई-पुस्तकात छापील आवृत्तीचेच पान क्रमांक दिले असतील, तर ते खुशाल वापरा. पीडीएफमध्ये पानं स्थिर असतात, पण पानावर छापलेला आकडा घ्या. वरच्या पट्टीतला आकडा मुखपृष्ठापासून मोजतो आणि प्रस्तावनेची पानं धरून दहा-पंधराने पुढे पळतो.

पुस्तक कुठून मिळालं, हे महत्त्वाचं. विकत घेतलेलं, ग्रंथालयाच्या वर्गणीतलं किंवा प्रकाशकाने खुलं केलेलं असावं. ग्रुपवर फिरत आलेल्या पीडीएफचं पहिलंच पान गायब असतं, आणि नेमकं तेच लागतं: प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक). छापील आणि ई-आवृत्तीचे आयएसबीएन सहसा वेगळे असतात, एकाचा दुसऱ्याला चिकटवू नका. त्या पानाचा स्क्रीनशॉट वाचतानाच काढून ठेवा. जमा करायच्या आदल्या रात्री तो कुणालाच सापडत नाही.

मराठी पुस्तकांचं आणखी एक दुखणं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या पीडीएफमधून मजकूर उचलला की नुसता कचरा उतरतो. लोक मग घाईत टाइप करतात आणि अवतरणात चुका शिरतात. मूळ पान समोर ठेवून एकदा मोठ्याने वाचा.

आता साम्य तपासणी, म्हणजे तुमचा मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने बघणं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. श्रेय दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरत नाहीत. पण अवतरणचिन्हंच नसतील तर यंत्राला ते अवतरण आहे हे कळणार कसं? १० च्या वर, ४० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं. इथे 'सहा महिने' वाचून लोक निवांत बसतात. सहा महिने ही कमाल मर्यादा आहे. तुमची खरी मुदत विद्यापीठाच्या पत्रात लिहिलेली असते आणि ती बरीच कमी असू शकते. ४० ते ६० टक्के साम्य असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द.

बाकी कागद नेहमीचे: तुमचं हमीपत्र आणि मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र. हमीपत्रात मान्य सॉफ्टवेअरवर तपासणी झाल्याचा उल्लेख हवाच. विद्यापीठाच्या खिडकीवर कुणी हे आधी सांगत नाही, कागद परत करताना मात्र न चुकता सांगतात.

आणि आपल्या विभागाला एपीए हवी की एमएलए, हे पहिलं प्रकरण लिहिण्याआधीच लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तर माणूस बदलला की बदलतं.