टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरी बदलताय? सिलिकॉनची ट्यूब उघडण्याआधी हे वाचा

आमच्याकडून टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग नेणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत हा कागद आम्ही आठवणीने घालतो. कारण दर आठवड्याला काउंटरवर एक तक्रार येतेच: "नवं पॅकिंग बसवलं, तरी ऑइल येतंय." गाडी बघितली की बऱ्याच वेळा पॅकिंग चांगलं असतं. कव्हरच्या कडेने मात्र सिलिकॉनची जाड वळी बाहेर आलेली असते, आणि एका कोपऱ्यात पॅकिंग खाचेतून निसटून आत वळलेलं असतं. हे काम घरी होण्यासारखं आहे आणि तुम्ही ते करावं असं आम्हाला मनापासून वाटतं. फक्त पॅकिंगला सिलिकॉन फासायची ही एक चूक टाळा.

ही सवय आली कुठून, ते आधी सांगतो. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात कव्हरला बुचाच्या लाकडाचं, म्हणजे कॉर्कचं पॅकिंग असायचं. कॉर्क सुकतं, आकसतं, त्याला कव्हरच्या बाजूने काहीतरी लावून चिकटवावंच लागायचं. त्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींनी ते केलं ते बरोबरच केलं. आजच्या गाड्यांत साच्यात घडवलेलं रबरी पॅकिंग येतं. ते कव्हरच्या खाचेत बसतं, खाचेच्या थोडं वर राहतं, आणि बोल्ट आवळले की तेवढंच दबून ऑइल अडवतं. त्याला पकड लागते ती कोरडी. ओलं सिलिकॉन साबणासारखं निसरडं असतं. बोल्ट आवळताना पॅकिंग त्याच्यावरून सरकतं आणि नेमकं कोपऱ्यात खाच सोडतं. वरून सिलिकॉन असल्यामुळे महिनाभर गळती दिसत नाही. मग एक दिवस कोकणातून परत येताना करूळ घाट चढून गगनबावड्याला येईपर्यंत गाडीत जळक्या ऑइलचा वास येतो, कारण तिथून गळणारं ऑइल थेट तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडत असतं.

बाहेर येणारं सिलिकॉन निदान डोळ्यांना दिसतं. तेवढंच आतही दबून येतं, आणि खरं नुकसान ते करतं. गारगोटीकडच्या एका अल्टोची ऑइलची लाल बत्ती स्लो स्पीडला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, लागत होती. ऑइल बदललं, प्रेशर स्विच बदलला, बत्ती विझेना. आम्ही इंजिनाच्या तळाचं ऑइल चेंबर उतरवलं तर पंपाच्या जाळीवर शेवयांसारखे लाल तुकडे अडकलेले. नखाने ओढले तर रबरासारखे ताणले जात होते. चार महिन्यांपूर्वी टॅपेट कव्हरला लावलेलं सिलिकॉन तुटून खाली गेलं होतं. जाळी साफ केली, बत्ती विझली, इंजिन वाचलं. आणखी महिनाभर तशीच चालवली असती तर बेअरिंगं गेली असती.

म्हणून सिलिकॉन अजिबात लावायचंच नाही का? लावायचं, पण ठरावीक जागीच. जिथे हेडचा, म्हणजे कव्हर ज्यावर बसतं त्या भागाचा, सपाट काठ तुटतो तिथे. टायमिंग चेनचं कव्हर आणि हेड जिथे जुळतात ती रेघ, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) पुढच्या कॅपपाशी असलेली पायरी, आणि काही इंजिनांना मागच्या बाजूला असणारा अर्धगोल रबरी तुकडा, त्याची दोन टोकं. प्रत्येक जागी तुरीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. ठिपक्याखालची जागा कापडाने पुसून पूर्ण कोरडी हवी, ऑइलवर सिलिकॉन धरत नाही. ठिपका दिला की त्याच्यावर साय धरायच्या आत, पाच-सात मिनिटांत कव्हर बसवा. मग गाडी रात्रभर तशीच ठेवा. आम्ही दुपारी कव्हर बसवून गाडी दुसऱ्या दिवशी देतो ती याचसाठी. "एक तासाचं काम, दोन दिवस कशाला?" असं विचारणारे बरेच असतात. हात तासभरच लागतो, सिलिकॉनला वाळायला रात्र लागते, आणि त्याला घाई करता येत नाही.

गळती खरंच कव्हरचीच आहे ना?

पॅकिंग विकत घ्यायच्या आधी हे बघा, आम्हाला विक्री कमी झाली तरी चालेल. ऑइल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथूनच गळतं असं नसतं. इंजिन पुसून कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा, दोन-तीन किलोमीटर फिरवून आणा आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधा. कॅमचं ऑइल सील, जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, ऑइल प्रेशर स्विच, एवढंच काय, ऑइल भरायच्या झाकणाचं वायसरही टॅपेट कव्हरची गळती असल्याचा भास करून देतं. कव्हरची मागची बाजू, डॅशच्या पत्र्याकडची, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. तिथलं पॅकिंग बहुधा आधी कडक होतं, आणि तिकडे कुणी बघत नाही.

दुसरी गोष्ट ब्रीदर. इंजिनात तयार होणारा दाब पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरच्या पाइपातून बाहेर ओढला जातो. तो पाइप काजळी-चिकट्याने तुंबला की दाब पॅकिंगवर येतो, आणि नवं पॅकिंगही दोन महिन्यांत ओलं होतं. पाइप काढून फुंकून बघा. पीसीव्ही हातात धरून हलवला की साधारणपणे आतली गोळी वाजते, मुका असेल तर बदला. ती अगदी स्वस्तातली वस्तू आहे. आणि स्लो स्पीडला ऑइलचं झाकण काढल्यावर धुराचे जोरात भपकारे येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. अशा गाडीला आम्ही पॅकिंग देतो, पण गळती थांबेल असा शब्द देत नाही.

स्पार्क प्लगच्या खोल भोकांत ऑइल साठलं असेल तर बाहेरचं पॅकिंग चांगलं असूनही प्लग ट्यूबची सीलं गेलेली असतात. त्याने गाडी मिसिंग मारते (झटके खाते) आणि प्लगवर बसणाऱ्या कॉइलचे रबरी बूट फुगतात. प्लग खोलायच्या आधी ते ऑइल कापडाने टिपून घ्या, नाहीतर ते सरळ सिलिंडरमध्ये उतरतं.

खोलताना

इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइलच्या सॉकेटांवर चिकटपट्टी लावून १, २, ३ लिहा. कव्हर उचलण्याआधी त्याच्या कडेची माती ब्रशने आणि हवेने उडवा, नाहीतर ती कॅमवर पडेल. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. बोल्ट निघाले तरी कव्हर चिकटून राहतं. त्यात पेचकस घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथून कायमची गळती. लाकडाचा ठोकळा ठेवून कडेने हलके ठोके द्या, सुटतं.

कव्हर निघाल्यावर टायमिंग चेनच्या पोकळीत स्वच्छ कापड कोंबा. हेडचा काठ प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पॉलिश पेपर लावू नका. त्याची वाळू इंजिनातच जाते. कव्हरची खाच मात्र धुवून, वाळवून, बोटाने चाचपून बघा, जुन्या पॅकिंगचा एक तुकडा राहिला तरी नवं तिथे वर उचलून राहतं. प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते काचेवर पालथं ठेवून बघा. डुगडुगत असेल तर वाकलंय, आणि त्याला कुठलंच पॅकिंग पुरणार नाही. नवं पॅकिंग आधी चारही कोपऱ्यांत दाबा, मग सरळ बाजू.

आवळणं

हे सिलिकॉनचं सख्खं भावंड. गळतंय म्हणून बोल्ट आणखी आवळले की गळती वाढते, कारण रबर चपटं होऊन पसरतं आणि कव्हर दोन बोल्टांच्या मध्ये कमानीसारखं उचलतं. हे सहा मिलिमीटरचे बोल्ट असतात आणि त्यांना साधारण ८ ते ११ न्यूटन मीटर एवढाच टॉर्क, म्हणजे आवळायचा पिळ, लागतो. नेमका आकडा तुमच्या इंजिनाचा बघून घ्या, आम्ही काउंटरवर सांगतो. १० न्यूटन मीटर म्हणजे बोल्टपासून दहा सेंटीमीटरवर साधारण दहा किलोचा जोर. चाकाच्या बोल्टाला लागतो त्याच्या दहाव्या भागाइतका. आधी सगळे बोल्ट हाताने बसवा, मग मधून बाहेर, आलटूनपालटून, दोन फेऱ्यांत आवळा. बोल्टाखाली रबरी वायसर असतील तर तेही नवे घ्या. बोल्ट हेडमध्ये तुटला, तर तो काढून नवे आटे पाडायला पॅकिंगच्या कितीतरी पट खर्च येतो.

दुसऱ्या दिवशी गाडी चालू करा, दहा मिनिटं स्लो स्पीडला ठेवून चहूकडून बघा, डिपस्टिक तपासा. मॅनिफोल्डवर आधीच सांडलेलं ऑइल जळतं, त्यामुळे एक-दोन दिवस वास येईल. तो गेला नाही तर मग या. गरम इंजिनावर पुन्हा पाना लावू नका.

आणि दसऱ्याआधी इंजिन धुणाऱ्यांना एक विनंती: प्रेशरचं पाणी कव्हरच्या कडेवर आणि प्लगच्या भोकांवर सरळ मारू नका. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मिसिंगच्या गाड्यांची आमच्याकडे रांग लागते.

पॅकिंग घ्यायला येताना

"स्विफ्टचं टॅपेट पॅकिंग द्या" एवढ्यावर आम्ही पॅकिंग काढून देत नाही, राग मानू नका. २००५ ची पेट्रोल स्विफ्ट १२९८ सीसीची, २०१० नंतरची ११९७ सीसीची के सिरीज, आणि डिझेल १२४८ सीसीची. तिन्ही इंजिनं वेगळी. वॅगनआरचंही तसंच, १०६१ सीसीचं आणि ९९८ सीसीचं पॅकिंग एकमेकांना चालत नाही. आरसी बुकाचा फोटो किंवा इंजिन नंबर आणा. जुनं पॅकिंग पिशवीत घालून आणलंत तर सगळ्यात उत्तम, आम्ही नव्यावर ठेवून दाखवतो. ते वाटीच्या कडेसारखं कडक झालं असेल तर बोटाने वाकवताच कटकन तुटेल, आणि गळती का होत होती ते तुम्हाला तिथेच कळेल.

कॉमन रेल डिझेल मात्र घरी खोलू नका. बऱ्याच इंजिनांत इंजेक्टर आणि त्यांच्या लायनी आड येतात, आणि त्या लायनींत चालू इंजिनाला १००० बारच्या वरही दाब जातो.

आमच्या सेटमध्ये पॅकिंग, प्लग ट्यूबची सीलं आणि बोल्टचे रबरी वायसर एकत्र येतात. बाजारात नुसतं पॅकिंग थोडं स्वस्त मिळतं, हे आम्हालाही माहीत आहे. पण जुनी सीलं तशीच ठेवली की सहा महिन्यांनी तेच कव्हर पुन्हा उघडावं लागतं. सिलिकॉन लागलेलं पॅकिंग आम्ही परत घेत नाही, कारण ते आम्ही दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. सिलिकॉनने चिकटवलेलं कव्हर गाडीसकट आणलंत, तर खरवडायची मजुरी वेगळी पडते. कोरडं कव्हर तासाभरात निघून बसतं, सिलिकॉनवालं अख्खी दुपार खातं, आणि तुकडा आत पडू नये म्हणून ते सावकाशच करावं लागतं.

टॉर्क रेंच नसेल तर विकत घेऊ नका. सेट आमच्याकडून नेलात तर अनामत ठेवून दोन दिवसांसाठी आमचा लहान रेंच घेऊन जा, आकडा आम्ही लावून देतो. शनिवारी नेणाऱ्यांनी आधी फोन करा, रविवारी घरी काम करणारे बरेच असतात आणि रेंच आमच्याकडे दोनच आहेत.