ग्लॉस्टरचा समुद्रसर्प

ग्लॉस्टरचा समुद्रसर्प : अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील ग्लॉस्टर बंदरात ऑगस्ट १८१७ मध्ये अनेकांनी पाहिलेला आणि आजवर ओळख न पटलेला सागरी प्राणी. केप ॲन भूशिरावरचे ग्लॉस्टर हे १६२३ पासूनचे मासेमारीचे गाव. महाकाय सर्पाच्या गोष्टी जगभरच्या किनाऱ्यांवर ऐकू येतात. पण इथे त्या ताज्या असतानाच शपथेवर नोंदल्या गेल्या, म्हणून या घटनेचे मोल वेगळे आहे.

बॉस्टनच्या ‘लिनीअन सोसायटी ऑफ न्यू इंग्लंड’ या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेने तातडीने तिघांची समिती नेमली. ग्लॉस्टरचे न्यायदंडाधिकारी लॉन्सन नॅश यांनी जबान्या घेतल्या. प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच बोलवायचे, प्रत्येकाला वेगळे विचारायचे, एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या कानी जाऊ द्यायचे नाही आणि आधी त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्यायचे, असे नियम ठरले होते. त्या काळाच्या मानाने ही शिस्त कौतुकास्पदच म्हणायला हवी.

१४ ऑगस्टला मॅथ्यू गॅफ्नी या जहाज बांधणाऱ्या सुताराने होडीतून या प्राण्यावर गोळी झाडली. प्राणी त्याच्याकडे वळला, बुडाला आणि होडीखालून जाऊन दूरवर वर आला. लांबी किमान ४० फूट आणि चाल सुरवंटासारखी वर-खाली, असे गॅफ्नीने सांगितले. इतरांनी लांबी १०० फुटांपर्यंत सांगितली. पाण्यावर अंदाज चुकतात, त्यामुळे हा फरक समजण्याजोगा आहे. चालीचा तपशील मात्र फार महत्त्वाचा आहे. साप आडवा वळवळतो. शरीर वर-खाली हलवत पोहतात ते देवमासे, डॉल्फिन यांसारखे सस्तन प्राणी. शिवाय कोकणच्या जाळ्यांत सापडतात तसे खरे समुद्रसाप अटलांटिकमध्ये नाहीतच.

घोटाळा केला तो अभ्यासकांनी. जवळच्या लॉबलॉली कोव्ह येथे सुमारे तीन फुटी, पाठीवर उंचवटे असलेला साप मारला गेला. समितीने तो या प्राण्याचे पिल्लू असावे असे मानून त्याला ‘स्कोलिओफिस अटलांटिकस’ हे शास्त्रीय नाव दिले. पुढे निसर्गवैज्ञानिक शार्ल-अलेक्झांद्र लस्यर यांनी तो पाठीच्या कण्यात विकृती असलेला तिथलाच साधा काळा साप असल्याचे दाखवले. त्यानंतर खलाशी-कोळ्यांच्या जबान्याही थट्टेचा विषय झाल्या, हा त्यांच्यावर अन्यायच होता. १८१८ मध्ये कॅप्टन रिच यांनी पकडून आणलेला ‘सर्प’ प्रत्यक्षात मोठा ट्यूना मासा निघाला. त्यानेही थट्टेत भर पडली. १८१९ मध्ये मात्र जवळच्या नाहंट किनाऱ्यावर पुन्हा मोठ्या जमावाने असाच प्राणी पाहिल्याचे सांगितले.

समुद्रसर्पाच्या इतर वार्तांमागे अनेकदा ओअरफिश हा लांब पट्ट्यासारखा मासा किंवा कुजलेला बास्किंग शार्क असतो. १८०८ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातील स्ट्रॉन्से बेटावर लागलेले धूड असेच बास्किंग शार्कचे असल्याचे ओळखले गेले. ग्लॉस्टरला मात्र जिवंत, चपळ प्राणी दिसला होता. पर्यावरण-अभ्यासक रॉबर्ट फ्रान्स यांच्या मते तो मासेमारीच्या दोरांत अडकून तरंगत्या वस्तूंची माळ ओढत नेणारा मोठा सागरी प्राणी असावा. पाठीवर ओळीने दिसलेले उंचवटे यातून समजतात; पण काही साक्षीदारांनी सांगितलेला दोन-तीन मिनिटांत मैलाचा वेग त्याने नीट उलगडत नाही.