दारातली गाडी आणि माणसाची ऐपत

‘दारात मोठी गाडी म्हणजे घर पैसेवालं’ हा समज जुना आहे. स्थळ बघताना तर हमखास ऐकू येतो.

गाडीवरून एवढंच कळतं की कुणीतरी तिचे पैसे भरले किंवा भरतंय. समजा, गाडीसाठी 15 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 7 वर्षांसाठी घेतलं. महिन्याचा हप्ता साधारण 24,100 रुपये बसतो आणि शेवटी 20 लाखांच्या वर पैसे जातात. पहिल्या दिवशी मात्र ही गाडी आणि रोखीने घेतलेली गाडी अगदी सारखीच दिसते. शिवाय ती कंपनीची असू शकते, सेकंडहॅंडही.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, कर्ज देणाऱ्याचं नाव असेल, तर कर्जाचा बोजा अजून उतरलेला नाही. कर्ज फेडून बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म 35 (बोजा काढण्याचा अर्ज) आरटीओला दिल्यावरच ते नाव निघतं. विम्याच्या कागदावरचा ‘आयडीव्ही’, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची सध्याची किंमत, तीही बघा. चार वर्षं उलटलेल्या गाडीसाठी त्यात 50 टक्के घसारा धरतात.

खरी ऐपत म्हणजे मालमत्ता वजा देणी. शेती असेल तर सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा, शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे दिसतो. आणि जुन्या स्कूटरवर फिरणाऱ्याचं घर कर्जमुक्त असू शकतं, ठेवीही असू शकतात. मुलीच्या लग्नाचा निर्णय असेल तर देण्यांबद्दल सरळ विचारावं, त्यात संकोच कसला! आपलीही देणी तितक्याच मोकळेपणाने सांगावीत.