गोडवा व्हॉल्व्हचा की सर्किटचा?

सिग्नल वाढवून स्पीकर वाजवणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरऐवजी जुने व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या असल्या, तर आवाज जास्त गोड लागतो, असं बरेच शौकीन मानतात. बॉब कार्व्हर हा अमेरिकन इंजिनियर १९८५ साली ‘स्टिरिओफाइल’ या ध्वनियंत्रांवरच्या मासिकाच्या संपादकांशी एक पैज लावून बसला. तुम्ही हवा तो महागडा ॲम्प्लिफायर निवडा. मी माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर ४८ तासांत असा करून देतो, की कुठला वाजतोय हे तुम्हाला ऐकून सांगता येणार नाही. संपादकांनी मुद्दाम व्हॉल्व्हचा, चांगला भारी किमतीचा ॲम्प पुढे ठेवला. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे एका हॉटेलच्या खोलीत कार्व्हरने सोल्डरिंगचं सामान मांडलं आणि कामाला लागला.

त्याची युक्ती पाहण्यासारखी होती. दोन्ही ॲम्पना एकच गाणं द्यायचं, पण स्पीकर नेहमीसारखा एकाला जोडायचा नाही. त्याची एक तार एका ॲम्पच्या आउटपुटला, दुसरी दुसऱ्याच्या. दोघं तंतोतंत सारखे वागले, तर स्पीकरच्या दोन्ही टोकांना क्षणोक्षणी सारखंच व्होल्टेज मिळेल आणि आवाज येणारच नाही. जे काही ऐकू येईल तो निव्वळ दोघांतला फरक. रेझिस्टर-कपॅसिटर बदलत, ऐकत, पुन्हा बदलत कार्व्हरने हा फरक मूळ आवाजाच्या ७० डेसिबल खाली नेला. व्होल्टेजच्या हिशेबात हे साधारण तीन हजारांत एक. संपादकांनी ऐकून पाहिलं आणि पैज हरल्याचं कबूल केलं. (पुढे कारखान्यातून बाहेर पडलेले नमुने तितके जुळतात का, यावर त्याच मासिकात वाद रंगला. तो वेगळा विषय.)

कार्व्हर जिंकला यापेक्षा त्याने काय केलं नाही, ते मला जास्त बोलकं वाटतं. त्याने आपल्या ॲम्पमध्ये एकही व्हॉल्व्ह बसवला नाही. व्हॉल्व्हच्या आवाजाचं जे कौतुक होतं, ते काचेच्या नळीत आणि तिच्यातल्या लालसर उजेडात नसावं, हे इथेच उघड होतं. मग ते असतं कुठे?

पहिली जागा म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह काम करतो तीनचारशे व्होल्टवर, पण त्यातून वाहणारा प्रवाह असतो काही दशांश अँपिअरच्याही खाली. स्पीकरचं नेमकं उलटं: व्होल्टेज थोडं, प्रवाह भरपूर. या दोघांचा मेळ ट्रान्सफॉर्मर घालतो. व्हॉल्व्हला समोर ५००० ओहमचा भार हवा असेल आणि स्पीकर ८ ओहमचा असेल, तर गुणोत्तर झालं ६२५. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचं प्रमाण त्याच्या वर्गमुळाएवढं ठेवावं लागतं, म्हणजे २५ ला १. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात २० हर्ट्झचा खर्ज नीट उतरवायला भरपूर लोखंड आणि भरपूर वेढे लागतात, आणि वेढे वाढवले की २० हजार हर्ट्झच्या टोकाला तेच आडवे येतात. म्हणून प्रायमरी (व्हॉल्व्हकडचे वेढे) आणि सेकंडरी (स्पीकरकडचे वेढे) यांचे थर एकाआड एक गुंडाळतात. चांगल्या व्हॉल्व्ह ॲम्पचं वजन आणि किंमत यांचा मोठा वाटा इथेच जातो. नळ्यांवर नजर खिळते, पण रचनाकाराचा खरा कस या लोखंडाच्या ठोकळ्यात लागतो.

ट्रान्सफॉर्मरचा परिणाम इथे संपत नाही. हॅरल्ड ब्लॅक या बेल लॅब्जच्या इंजिनियरला १९२७ साली हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली आणि हाताशी असलेल्या वर्तमानपत्रावरच त्याने ती खरडली. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत द्यायचा. ॲम्पने केलेली चूक तिथे वजा होते. डिस्टॉर्शन, म्हणजे ॲम्पने मूळ सिग्नलमध्ये केलेला बिघाड, घटतं आणि ॲम्पचा अंतर्गत रोधही घटतो. पण ट्रान्सफॉर्मरमुळे सिग्नल टोकाच्या फ्रीक्वेन्सींना मागेपुढे सरकतो. त्याच्याभोवती फीडबॅक फार वाढवला तर वजाबाकीची बेरीज होऊन ॲम्प स्वतःच ओरडू लागतो. ब्रिटनमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या १५ वॅटच्या ॲम्पमध्ये २० डेसिबल फीडबॅक होता, आणि तेवढ्यासाठी ट्रान्सफॉर्मरची अट फार कडक ठेवावी लागली होती. ट्रान्झिस्टरला हा ठोकळा लागतच नाही, त्यामुळे तिथे फीडबॅक सढळ हाताने देता येतो.

आता हिशेब करू. आठ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर सगळीकडे आठ ओहम नसतो. एखादा कुठे ५, तर खर्जातल्या त्याच्या अनुनादाच्या जागी ३० ओहम असू शकतो. कमी फीडबॅकच्या व्हॉल्व्ह ॲम्पचा अंतर्गत रोध २ ओहम धरा. पाच ओहमच्या जागी व्होल्टेजचा ५/७ भाग स्पीकरपर्यंत पोहोचतो, तीसच्या जागी ३०/३२. फरक पडला जवळपास २.४ डेसिबलचा. ट्रान्झिस्टर ॲम्पचा रोध ०.०५ ओहम असेल तर हाच फरक ०.०७ डेसिबल, म्हणजे कानाच्या लेखी शून्य. म्हणून व्हॉल्व्हवर तोच स्पीकर खालून जरा भरीव वाजतो. ऐकणारा त्याला ‘उबदार’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. फक्त श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतं. ट्रान्झिस्टर ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये दोन ओहमचा एक दणकट रेझिस्टर ओळीने जोडून पाहा. ऊब बरीचशी तिथेच येते, थोडी शक्ती उष्णतेत वाया जाते इतकंच.

दुसरी जागा डिस्टॉर्शनची. २४० हर्ट्झचा षड्ज दिला तर ॲम्प त्यात स्वतःची भर घालतो: ४८० चा तार षड्ज, ७२० चा तार पंचम, ९६० चा अतितार षड्ज, १२०० चा गंधार. तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकलेल्या कानाला या मालिकेची ओळख करून द्यायला नको. जवारीमुळे (तारेखालच्या घोडीला दिलेल्या खास घडणीमुळे) तंबोऱ्यात हे उपस्वर इतके समृद्ध का होतात, यावर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये लिहिलं होतं. या उपस्वरांनाच हार्मोनिक म्हणतात; मूळ सुराच्या दुप्पट तो दुसरा, तिप्पट तो तिसरा. एकेरी व्हॉल्व्हच्या, म्हणजे एकच व्हॉल्व्ह अख्खी लाट सांभाळतो अशा सर्किटमध्ये भर पडते ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे त्याच सुराच्या वरच्या षड्जाची. शिवाय मूळ सूर आपल्या जवळच्या उपस्वराला झाकतो, त्यामुळे एखादा टक्का भर कानाला खुपतही नाही. सातवा हार्मोनिक मात्र १६८० हर्ट्झवर, सप्तकातल्या कुठल्याच सुराशी नीट न बसणारा आणि मूळ सुराच्या झाकेपासून दूर.

बीबीसीच्या डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० सालीच सुचवलं होतं, की हार्मोनिक जितक्या वरचा तितकं त्याला जास्त वजन द्या: क्रमांकाचा वर्ग भागिले चार. दुसऱ्याला वजन १, सातव्याला १२.२५. सूचना शहाणपणाची होती, पण जाहिरातीत मात्र सगळ्या हार्मोनिकना एकाच मापाने मोजणारा टक्का छापला जात राहिला.

त्याचा फटका सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर ॲम्पना बसला. तिथे लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा, आणि शून्यापाशी काम हातातून हातात जाताना छोटी खाच पडते. या खाचेतून वरचे, कर्कश हार्मोनिक निघतात. आणि गंमत अशी, की आवाज कमी केला तरी खाच फारशी बदलत नाही, म्हणजे टक्क्यात ती वाढते. व्हॉल्व्हचं डिस्टॉर्शन आवाजाबरोबर कमी होत जातं. पूर्ण शक्तीला मोजलेला आकडा सुंदर, आणि रात्री हळू आवाजात गाणं लावलं की खरखरीत, अशी त्या काळच्या कित्येक ट्रान्झिस्टर ॲम्पची गत होती. तेव्हाच्या लोकांनी ‘व्हॉल्व्ह बरा’ म्हटलं ते अगदी रास्त. आजच्या नीट बांधलेल्या ट्रान्झिस्टर ॲम्पला तोच शेरा चिकटवणं मात्र अन्यायाचं.

तिसरी जागा म्हणजे आवाज फाटतो तो क्षण. रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये स्टुडिओतल्या माइकच्या प्रीॲम्पवर (माइकचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या ॲम्पवर) केलेलं काम प्रसिद्ध केलं. रेकॉर्डिंगमध्ये हे प्रीॲम्प क्षणभर मर्यादेबाहेर जातातच, आणि तिथे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरच्या हार्मोनिकची ठेवण वेगळी निघते, असं त्यांचं म्हणणं. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना हे न मोजताच ठाऊक होतं. त्यांच्यासाठी ॲम्प हा वाद्याचाच भाग आहे. तो फाटावा कसा, हे ते निवडतात. गाणं तयार करणाऱ्याने रंग भरावा, यात वाद नाही. तयार गाणं घरी ऐकताना प्रत्येक गाण्यावर तोच रंग चढवायचा का, हा आवडीचा प्रश्न. मला विचाराल तर नको. पण कुणाला तो आवडत असेल तर त्याला भौतिकशास्त्राचा दाखला लागत नाही.

आता पारखण्याबद्दल. १९७८ मध्ये ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जेम्स मॉयर यांनी एका चाचणीचा अहवाल दिला. क्वाड कंपनीचा व्हॉल्व्हचा ‘टू’ आणि ट्रान्झिस्टरचे ‘३०३’ व ‘४०५’ हे तीन ॲम्प, न सांगता आलटूनपालटून वाजवलेले. ऐकणाऱ्यांना ते वेगळे ओळखता आले नाहीत. तिन्ही मर्यादेत ठेवलेले, तिन्ही चांगले बांधलेले. कुठला ॲम्प चालू आहे हे दिसत असतं तर मतं नक्कीच ठाम निघाली असती.

घरी तुलना करताना लोक पहिली चूक करतात ती आवाजाच्या पातळीची. एक ॲम्प अर्ध्या डेसिबलने मोठा असला, तर तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘मोकळा’ आणि ‘स्पष्ट’ वाटतो. म्हणून आधी पातळी जुळवायची, तीही कानाने नाही, मीटरने. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा सलग सूर सोडा आणि स्पीकर जोडलेला असतानाच त्याच्या टोकांवरचं एसी व्होल्टेज बघा. एकाचं २ व्होल्ट असेल तर दुसऱ्याचं १.९८ ते २.०२ मध्ये आणा. एवढ्याने फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. मग तोच प्रयोग ५० आणि १०० हर्ट्झवर करा. तिथे दोघांचे आकडे पुन्हा वेगळे आले, तर तुमच्या ‘उबदार’ आवाजाचं कारण ऐकायला बसण्याआधीच मीटरवर आलेलं असेल. ॲम्प बदलायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या आणि त्याच्याकडे पाठ करून बसा. व्हॉल्व्हचा ॲम्प चालू असताना स्पीकरची तार मात्र काढू नका. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये फार मोठं व्होल्टेज उसळू शकतं, आणि तो जळला तर बाकीच्या सगळ्या दुरुस्तीपेक्षा तोच महाग पडतो.